मंडप घरात आण

ये, बस इथे पडवीत. हा पाऊस काही आता थांबायचा नाही, आणि तुझी उमरठची एसटी यायला अजून अवकाश आहे. चहा घे आधी.

काल फोनवर तू म्हणालीस, "ताई, घरी सगळं येतं गं. मंडपात बसले की काहीच आठवत नाही." ते ऐकलं आणि मला रात्री नीट झोप लागली नाही. हेच वाक्य, अगदी याच शब्दांत, मी तुझ्या वयाची असताना आईला सांगितलं होतं. आई म्हणाली, "देवाचं नाव घे आणि गा." तिचं चुकलं नाही, तिला तेवढंच ठाऊक होतं. पण मला त्या वेळी कुणीतरी हात धरून सांगायला हवं होतं की नक्की काय कर. ते आज तुला सांगते.

गौरी-गणपतीचे दिवस होते. मुंबईचे चाकरमानी आलेले, वाडीतलं प्रत्येक घर भरलेलं. माझ्या वाट्याला एकच अभंग आला होता. ध्रुपद झालं, पहिलं चरण झालं, टाळकऱ्यांनी ध्रुपद उचललं, परत माझ्याकडे आलं आणि दुसऱ्या चरणाचा पहिला शब्दच गेला. पेटीवर बोटं तशीच. समोर माझी आत्या, माझे काका, मुंबईच्या चुलतबहिणी. मी थांबले. टाळ थांबले. दहा सेकंद गेली असतील. कुणीतरी मागून शब्द सांगितला, मी कशीबशी पुढे गेले. कुणी मला बोललं नाही, पण पुढची दोन वर्षं मी पुढच्या ओळीत बसले नाही.

नंतर खूप विचार केला. अभंग पाठ नव्हता का? होता. चाळीस वेळा म्हटला असेन. पण कसा? चुलीपाशी बसून, त्याच भिंतीकडे तोंड करून, पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत, अडले की परत पहिल्यापासून. म्हणजे मला तो अभंग "येत" होता तो त्या भिंतीसमोर, तिसऱ्या-चौथ्या खेपेला, कुणी बघत नसताना. मंडपात यातलं काहीच नव्हतं. तिथे पहिलीच खेप होती, आणि तीच शेवटची.

म्हणून बाय, माझं सगळं सांगणं एवढंच आहे: मंडप घरात आण. गणपतीच्या रात्री जे जे होणार आहे ते आषाढ-श्रावणातच थोडं थोडं होऊ दे.

पण त्याच्या आधी रियाझाचं बोलू. पाया कच्चा असेल तर धीर कुठून येणार?

तू सांगितलंस, रोज दोन तास बसतेस. दोन तासांत काय करतेस? बहुतेक वेळ जे येतं तेच गातेस. मी पण तेच करायचे. जे छान वाटतं ते गायला गोड लागतं, वेळ कसा जातो कळत नाही, आणि उठताना वाटतं की आज खूप रियाझ झाला. जिथे अडतं ती जागा मात्र दिवसातून एकदाच लागते, तीही घाईत ओलांडून जातो. तू उलट कर. अडणारी जागा शोध. ती जागा सबंध तान नसते, दोन सुरांमधला एक सांधा असतो. पंचमावरून वरच्या षड्जाला जाताना धैवत निसटतो, एवढंच असतं. मग त्या सांध्याच्या आधीचे दोन सूर आणि नंतरचे दोन सूर एवढाच तुकडा घे. निम्म्या लयीत. तानपुरा लावून. पाच वेळा सलग बिनचूक आला की लय जराशी वाढव, चुकला की परत खाली ये. पाच मिनिटं पुरतात. मग सोड आणि दुसऱ्या कशाला तरी हात घाल. अर्ध्या तासानं परत ये. परत आल्यावर तो पहिल्याच खेपेला लागला, तर तो खरा बसला.

हे सोडून परत येणं फार महत्त्वाचं आहे. एकच पलटा चाळीस वेळा घोकला की एकेचाळिसाव्याला तो येतोच. घसा तेव्हा त्याच वाटेवर असतो, त्याला काही शोधावं लागत नाही. मंडपात मात्र आधी गजर होतो, मग दुसऱ्या कुणाचा अभंग होतो, आणि अचानक बुवा तुझ्याकडे बघतात. तिथे शोधावंच लागतं. म्हणून रियाझातही शोधायची सवय कर. थोडा भूप, मग अभंग, मग ताल, परत भूप. सुरुवातीला हे विस्कळीत वाटेल, जास्त चुका होतील. होऊ देत.

आणि दोन तास एका बैठकीत नको. १९९३ साली अँडर्स एरिक्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बर्लिनच्या संगीत अकादमीत व्हायोलिन शिकणाऱ्या मुलामुलींच्या दिवसभराच्या नोंदी तपासल्या होत्या. त्यांच्यात जी सगळ्यांत पुढे होती ती एकट्यानं, मन लावून, बहुतेक सकाळच्या वेळी रियाझ करायची. तास-दीड तास बसायची, मग विश्रांती घ्यायची, आणि दुपारी झोपायचीही इतरांपेक्षा जास्त. तुझ्या घरी पहाटे पाणी, मग भाकऱ्या, मग कॉलेज. सकाळी सलग दीड तास तुला मिळणार नाही हे मला माहीत आहे. वीस-वीस मिनिटांच्या तीन बैठका मिळतील ना? त्या पुरेशा आहेत, जर प्रत्येक बैठकीला बसताना तुला ठाऊक असेल की आज काय दुरुस्त करायचंय. एका कागदावर लिही आणि पेटीच्या झाकणाला अडकव. पहाटेची बैठक फक्त खर्जाची ठेव. आणि झोप मोडून रियाझ करू नकोस. दिवसभर गळ्यानं जे शिकलं ते रात्री झोपेत मुरतं.

मोगूबाई कुर्डीकर आपल्या लेकीला, किशोरी आमोणकरांना, शिकवताना एखादी जागा एकदा-दोनदाच गाऊन दाखवायच्या असं किशोरीताई सांगायच्या. तेवढ्यात कानानं पकडायची. मला पूर्वी हे फार कडक वाटायचं. आता वाटतं, त्या लेकीला लक्ष द्यायला शिकवत होत्या. आपल्याकडे मोबाइल आहे, हजारदा ऐकता येतं, म्हणून आपण एकदाही नीट ऐकत नाही. मोबाइलचा उपयोग उलटा कर. स्वतःचं गाणं त्यात घे आणि दुसऱ्या दिवशी ऐक. त्याच दिवशी नको, त्या दिवशी तुला तुझा आवाज आवडणार नाही आणि तू रडत बसशील. दुसऱ्या दिवशी परक्याचं ऐकल्यासारखं ऐकता येतं.

घसा बसला, सर्दी झाली, पाळीच्या दिवसांत आवाज जड झाला, तर जोर लावू नकोस. त्या दिवसांत काही घरांत मुलींना देवापुढे बसू देत नाहीत. तो वाद आज नको, पण रियाझ चुकवायचं ते कारण नाही. मनात गा. एसटीत खिडकीपाशी बसून मांडीवर हातानं ताल धर आणि अख्खा अभंग मनातल्या मनात म्हण, प्रत्येक सूर ऐकू येईल असा. जिथे मनातलं चित्र धूसर होतं, तिथेच मंडपात शब्द जाणार आहे, हे नक्की समज. कुमार गंधर्व आपल्या बेळगावकडचे, सुळेभावीचे. क्षयानं आजारी पडले, देवासला गेले, डॉक्टरांनी गाणं बंद केलं. वर्षामागून वर्षं गळा बंद, कान मात्र उघडे. माळव्यातली लोकगीतं त्यांनी याच काळात मन लावून ऐकली. परत गायला लागले तेव्हा त्यांचं गाणं वेगळंच होऊन आलं. तुला तर दोन दिवसांचीच सर्दी आहे.

आता मंडपाचं.

शब्द विसरण्याचं आधी सांगते, कारण तुला सगळ्यात जास्त भीती त्याची आहे. आपण अभंग माळेसारखा पाठ करतो, एक मणी ओढला की पुढचा येतो. मधला मणी तुटला की सगळं संपलं. म्हणून अभंग कुठूनही सुरू करता आला पाहिजे. धाकट्या भावाला सांग, चिठ्ठ्यांवर आकडे लिही. तीन निघाला की तिसरं चरण, लगेच, मागचं काही न म्हणता. एक निघाला की पहिलं. प्रत्येक चरणाच्या पहिल्या शब्दाला मनात एक चित्र बांध. मी तर पहिले शब्द एकाखाली एक लिहून काढते आणि भाकरी करताना फक्त तेवढेच म्हणते. माझा गेलेला शब्द दुसऱ्या चरणाचा पहिलाच होता, सांगितलं ना.

मग हे कर. दिवसातून एकदा, केव्हाही, गळा तापवलेला नसताना, गुरांना वैरण घालून आलीस की हात धू, पेटी ओढ आणि एक अभंग एकदाच गा. फक्त एकदा. चुकला तरी परत गायचा नाही. वहीत लिही, कसा झाला. दुसरी खेप मिळणार नाही हे मनाला आधीच कळलं की पहिल्या खेपेत जीव ओतला जातो. पहिल्या आठवड्यात फार वाईट होईल. तिसऱ्या आठवड्यात तुझं तुलाच नवल वाटेल.

पडवीत बसून गा. येणारे-जाणारे बघतील, बघू देत. पत्र्यावर पाऊस कोसळत असताना गा, कारण स्वतःचा आवाज नीट ऐकू न येता गायची वेळ मंडपात हमखास येते. साऊंडवाल्याचा माईक कधी कर्कश असतो, कधी बंदच पडतो. साडी नेसून, मांडी घालून, तासभर तशीच बसून मग गा. तुझी पाठ किती दुखते आणि श्वास किती आखूड होतो ते आजच कळू दे. शेजारच्या काकूंना बोलव. मग दोघींना. मग महिला मंडळाच्या बैठकीत एक अभंग माग. आपली माणसं परक्यांपेक्षा जड जातात, हे मला ठाऊक आहे. मुंबईची आत्या समोर असली की हात गार पडतात. म्हणून तिला व्हिडिओ कॉलवर आत्ताच ऐकव.

पट्टीचं बोलायलाच हवं. आपल्याकडच्या पावसात सगळं भिजतं. पखवाजाची पुडी सैल पडते, पेटीच्या पट्ट्या चिकटतात. तू पखवाजवाल्या दादांना कधी जवळून बघितलंयस का? कणीक मळतात, डाव्या तोंडाला, धुमेवर लावतात, थाप मारून ऐकतात, जरा काढतात, परत थाप मारतात. मग उजवीकडे वाद्यांखालचे गठ्ठे हातोडीनं ठोकत एकेक घर सुरात आणतात. दहा-पंधरा मिनिटं जातात, आणि तेवढ्यात सगळा मंडप गप्पा मारत असतो. मी त्या वेळी डोळे मिटून ते ऐकते. सूर कानात मुरतो आणि आपली भीती बघता बघता निवते. पण आधी विचार कर: पखवाज बुवांच्या पट्टीला लावलेला असतो. तू घरी काळी चारला गातेस. तुझ्या पट्टीचा दुसरा पखवाज किंवा तबला आहे का, नसेल तर कुठल्या पट्टीत गायचंय, हे चार दिवस आधी विचारून ये. मोठ्यांना विचारायला लाजू नकोस. आणि घरी अर्ध्या सुरानं वर, अर्ध्या सुरानं खाली, दोन्हींकडे गाऊन ठेव.

भीतीनं लय पळते. हे सगळ्यांचं होतं, टाळकऱ्यांचंही. भजनी ठेका आठ मात्रांचा, गर्दी बघून तो आपोआप चढतो आणि तुझं चरण धापा टाकत संपतं. म्हणून तोंड उघडायच्या आधी, मनात ध्रुपदाची एक ओळ तुला हव्या त्या लयीत म्हण, बोटानं मांडीवर धर आणि पखवाजवाल्यांकडे बघून तीच लय दे. एवढे चार क्षण घे. कुणी ओरडणार नाही. रागाचंही असंच असतं बरं का. महाडला क्लासच्या परीक्षेत तू भूप गाणार आहेस. भूप आणि देशकार, सूर तेच पाच. भूपात गंधारावर वजन, देशकारात धैवतावर. घाबरलं की माणूस वरच्या सुरांकडे पळतं आणि भूपाचा देशकार होतो. परीक्षकांपुढे बसलीस की पहिली दोन मिनिटं खालीच राहा, गंधाराशी बस.

आता छाती धडधडते त्याचं. ती धडधड जाणार नाही, ती जावी म्हणून थांबू नकोस. पाब्लो कझाल्ससारखा जगातला थोर चेलोवादक, त्याला आयुष्यभर मंचाची भीती वाटली. १९०१ साली सान फ्रान्सिस्कोजवळच्या डोंगरावर दगड पडून त्याचा डावा हात ठेचला, तेव्हा त्याच्या मनात पहिला विचार आला की सुटलो, आता वाजवायला नको. नंतर तो पुढे सत्तर वर्षं वाजवत राहिला. म्हणजे भीती वाटते म्हणून तू कच्ची, असं नाही. हार्वर्डच्या ॲलिसन वुड ब्रूक्स यांनी २०१४ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना अनोळखी माणसांपुढे गायला लावलं. ज्यांनी आधी स्वतःशी "मला हुरूप आलाय" असं म्हटलं ती माणसं, "मी घाबरलोय" म्हणणाऱ्यांपेक्षा सुरात गायली. मला हे पटतं. "शांत हो, शांत हो" म्हणून मी कधी शांत झाले नाही. दिंडी निघताना, पालखी उचलताना छाती धडधडते तेव्हा आपण त्याला भीती म्हणतो का? तीच धडधड आहे. श्वास मात्र सांभाळ. चार मोजून आत, आठ मोजून बाहेर, सहा-सात वेळा. सोडताना घाई नको. कोमट पाणी घे. जेवण हलकं, दोन तास आधी. तेलकट वडे गाऊन झाल्यावर.

आणि चुकलीसच तर? चुकशील एखादे वेळी. त्यासाठीच आपल्या भजनात सोय आहे, आणि ती मला कुणी सांगितली नव्हती. उमरठला तानाजी मालुसऱ्यांच्या पुण्यतिथीला पोवाडा ऐकला असशील. शाहीर उभा राहून, उघड्यावर, केवढ्या वरच्या आवाजात गातो! त्याचा श्वास टिकतो तो झीलकऱ्यांवर. ते ओळ उचलतात तेवढ्यात तो दम घेतो, पुढचं आठवतो. तुझे टाळकरी म्हणजे तुझे झीलकरी. शब्द गेला की थांबायचं नाही, टाळ थांबू द्यायचे नाहीत, सरळ ध्रुपदावर यायचं. तू ध्रुपद धरलंस की सगळी मंडळी ते उचलतात. आठ मात्रा, सोळा मात्रा, हवा तेवढा वेळ आहे तुझ्याकडे. तेवढ्यात चरण आठवलं तर घे, नाही तर पुढचं घे. मला त्या रात्री एवढंच माहीत असतं तर दोन वर्षं वाचली असती. याचाही सराव कर. घरी मुद्दाम मध्येच शब्द सोड आणि ध्रुपदावर ये. दहादा कर. ते प्रतिक्षिप्त झालं पाहिजे.

एक मात्र सांगून ठेवते. तुला कुणीतरी बालगंधर्वांचं सांगेल: १२ मार्च १९११, 'मानापमान'चा पहिला प्रयोग, त्याच दिवशी त्यांचं लहान मूल गेलं आणि तरी ते भामिनी म्हणून उभे राहिले. खरी गोष्ट आहे, आणि मी ती वाचते तेव्हा माझे डोळे भरतात. पण ती तुला दटावायला कुणी वापरली तर ऐकू नकोस. घरात दुःख असेल, अंगात ताप असेल, तर "आज माझ्याच्यानं होणार नाही" म्हणायचा तुला पूर्ण हक्क आहे. मंडळात दुसरी गाणारी आहे. गणपती पुढच्या वर्षीही येणार आहेत.

गाऊन झाल्यावर त्या रात्री कुणाला विचारू नकोस की कसं झालं. आरती कर, प्रसाद घे, झोप. दोन दिवसांनी वही उघड आणि तीनच गोष्टी लिही: काय धरलं, काय सुटलं, सुटलेलं कुठल्या सांध्यावर सुटलं. मग तो सांधा घे.

ती बघ, एसटी आली वाटतं. छत्री घे. आणि ऐक, आज रात्री पावसात लाईट गेली की मेणबत्ती शोधत बसू नकोस. अंधारातच पेटी ओढ, आईला समोर बसव आणि तो अभंग गा. एकदाच. उद्या मला फोन कर, दुसरं चरण कसं गेलं ते सांग.